डॉ. दैवशाला अंभोरे यांचा दवाखाना, गाडी आणि शेवटची इच्छा

मी, डॉ. दैवशाला रामप्रसाद अंभोरे, वय एकसष्ट, व्यवसाय प्रसूतिगृह, राहणार टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद, जि. जालना, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला माझ्याकडेच काम शिकलेले डॉ. संघपाल यांनी दिला. "मॅडम, आज वार कोणता?" हे विचारताना त्यांनाच रडू फुटले. दाखला मला मिळाला, रुमाल त्यांना द्यावा लागला.

मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, तो यकृतात पसरला आहे. रिपोर्ट मी आधीच वाचला होता. तरी तज्ज्ञ म्हणाले, "बघू या, आता उपचार चांगले आहेत." हे वाक्य मी जन्मभर वापरले, ऐकताना इतके पोकळ वाटते हे ठाऊक नव्हते. भेटायला येणारे धीर देतात आणि जाताना दंड पुढे करतात, "आलोच हाय तर बीपी बघता का?" मी बघते.

१. राहते घर व शेती मुलगा डॉ. सूरज यास. तो पुण्यात केस लावतो. त्याचे पेशंट मरत नाहीत, फार तर टकले राहतात. एवढा शहाणपणा मला सुचला नाही.

२. दवाखान्याची इमारत सामानासह सिस्टर बेबीनंदा मगरे यांना. सूरजला तिथे लग्नाचे लॉन करायचे आहे. ते होणार नाही. एखादे बाळ दगावले की मी आतल्या खोलीत रडायची आणि बेबीनंदा बाहेर ट्रे आपटत राहायची, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. या कामाचा पगार तिला कधी मिळाला नाही.

३. माझी गाडी संपत लोखंडे यांना. यांची पत्नी बाळंतपणात रक्तस्राव होऊन माझ्या हातांत गेली. जालन्याहून निघालेले रक्त पोचलेच नाही. संपतने दवाखान्याच्या काचा फोडल्या. मी तक्रार दिली नाही, लोक त्याला मोठेपणा म्हणाले. खरे तर मलाही तेव्हा काहीतरी फोडायचे होते. पण शेजारच्या खोलीत दुसरी बाळंत झाली होती आणि तिच्या सासऱ्याने माझ्या तोंडात पेढा घातला. तो मी गिळला.

यंदा केमोला मला नेणारा ड्रायव्हर संपतच. भोकरदनच्या पुढे त्याने विचारले, "मॅडम, खरं सांगा. तुमी वाचत न्हाई ना?"

"नाही."

"मंग घरचे काहून खोटं बोलून राह्यले?"

"त्यांना भीती वाटते."

"मला बी वाटू राह्यली," तो म्हणाला आणि चहाला गाडी थांबवली. या आजारात माझ्याशी खरे बोललेला हा एकच माणूस.

४. मला जालन्याला हलवू नये. नळ्या, यंत्रे नकोत. सूरजने शेवटी जवळ बसावे. सवयीने त्याची बोटे मनगटावर जातील. त्याने हात नुसता हातात धरावा. नाडी पाहू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि सही केली. साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही, चहा मिळाला.

सही: डॉ. दैवशाला रामप्रसाद अंभोरे

साक्षीदार: १. तातेराव गाढे (सही) २. उषाबाई वाघ (सही)

टेंभुर्णी, ९ नोव्हेंबर २०२५