तीन मीटरवरून

७ एप्रिल, रविवार
आमच्या 'ओने' नियतकालिकाच्या एकोणिसाव्या अंकाची संपादकीय बैठक. दुपारी चार वाजता, नेहमीप्रमाणे. ही वेळ मी मुद्दाम ठेवली आहे. त्या वेळी सगळं लाइपझिग केक खात बसलेलं असतं. ज्याला केक सुटत नाही त्याने परंपरा मोडणाऱ्या अवांगार्द कॉमिक्सच्या वाटेला जाऊ नये.

हजर: मी, रीके, कॉमिक्सच्या दुकानाचा तिलो, आर्ट स्कूलचे दोन विद्यार्थी. दोघांनाही दाढी, नावं विसरलो.

आलेली कॉमिक्स पाहिली. शी! एकात मांजर. एकात आजी. एकात आजी आणि मांजर. सगळीकडे फुगे, फुग्यांत बोलणी, बोलण्यांत विनोद. ओकारी आली. सगळं साभार परत.

तिलो म्हणाला, बरोबरच आहे एकार्ट, 'ओने' म्हणजे 'शिवाय'. गोष्टीशिवाय, विनोदाशिवाय, आणि आता वाचकांशिवाय. दाढ्या खिंकाळल्या. रीके हसली नाही. पहिल्या अंकापासून ती माझ्याबरोबर आहे. मांडणी ती करते, कागद ती आणते, छपाईवाल्याशी ती भांडते. दृष्टी माझी.

संकल्प: उद्यापासून जाहीरनामा लिहायला घेणे.

९ एप्रिल, मंगळवार
जाहीरनाम्याचं शीर्षक झालं: 'जाहीरनामा'. मजकूर उद्या.

संध्याकाळी रीके आली. झ्युरिकच्या एका बालपुस्तकांच्या प्रकाशकाने तिला कलासंपादक म्हणून बोलावलंय. ससे! पायजमे घातलेले ससे! मे अखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. मी मोठ्या मनाने म्हणालो, तुझा निर्णय तू घे. मग तिने टेबलावर एक फोल्डर ठेवलं. आत सोळा पानं. सहा वर्षांनी तिने हातात ब्रश धरलाय. म्हणाली, या अंकात घे. पण आधी नीट वाच रे. माझं जे काही म्हणणं आहे ते सगळं यात आहे. वाच, आणि मग मला सांग, जाऊ की नको.

मी म्हणालो, अर्थातच.

जाणार कुठे? सशांबरोबर ती एक आठवडा टिकणार नाही. आणि तिच्याशिवाय अंक... पण तो प्रश्नच उद्भवत नाही.

१० एप्रिल
रीकेची पानं कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लावली आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. बरोबर तीन मीटर. ही माझी पद्धत. कॉमिक वाचायचं नसतं, पाहायचं असतं. वाचणं हे दातांच्या डॉक्टरकडे ताटकळणाऱ्यांचं काम. जवळून नाहीतरी सगळं धूसर दिसतं. वरच्या मजल्यावरची फ्राउ कुन्झं म्हणते चष्मा घ्या. चष्मा म्हणजे शरणागती.

आणि काय पानं! प्रत्येक पानावर एका बाजूला एक काळा ठिपका, दुसऱ्या बाजूला काही ना काही गोंधळ, मध्ये मोकळी जागा. खाली राखेसारखा बारीक करडा पोत. मोठ्या अक्षरांतलं शीर्षक तर भिंतीपासूनही दिसतं: 'तीन मीटर'. माझ्या सिद्धान्ताला सलाम! डोळे भरून आले. हे काढणारी बाई झ्युरिकला जाईल होय?

तिला फोन करून सांगितलं, भव्य आहे. ती म्हणाली, वाचलंस? मी म्हणालो, तासभर उभा होतो. ती म्हणाली, शेवटचं पान? मी म्हणालो, शेवटचं पान सर्वांत भव्य. मग म्हणाली, बरं, मग मी वाट बघते.

कशाची ते सांगितलं नाही. प्रकाशनाची, दुसरं काय.

२६ एप्रिल, शुक्रवार, रात्री
तिलोच्या दुकानात प्रकाशन. लोकांच्या हातात बिअर. किळसवाणा वास. भाषणाआधी सगळे अंक उघडून बसले होते आणि हसत होते. अवांगार्द अंक हातात धरून हसत होते! एक बाई तर डोळे पुसत होती.

मी रीकेच्या पानांवर बोललो. म्हणालो, हा काळा ठिपका म्हणजे शून्य. ही मधली जागा म्हणजे आपला काळ. आणि शेवटच्या पानावर खाली पाहा, तीन उभ्या रेषा, शेजारी पुन्हा तीन उभ्या रेषा. हे गज आहेत. हा तुरुंग आहे.

सगळं दुकान हसून कोसळलं. इतकं हसताना मी माणसांना कधी पाहिलेलं नाही. तिलोने कपाळावर हात मारला. रीके दाराशी उभी होती. ती आधी हसली, मग कोट घेऊन निघून गेली. प्रेक्षकांचा राग आला असणार. मलाही आला. मी माझी काळी टोपी डोक्यावर घट्ट ओढली आणि बाहेर पडलो, तर त्यालाही टाळ्या.

२८ एप्रिल, रविवार
चारची बैठक. हजर: मी.
पाच वाजेपर्यंत थांबलो. शेवटी एकट्यानेच कामकाज चालवलं. ठराव एकमताने मंजूर.

३ मे
चमत्कार. ट्रामच्या थांब्यावर दोन पोरी मला पाहून एकदम मागे सरकल्या. तीन मोठी पावलं. डोळे बारीक केले, हात पाठीमागे बांधले आणि माझ्याकडे तशाच पाहत राहिल्या. मग एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. संध्याकाळी बेकरीसमोर एका मध्यमवयीन माणसाने तेच केलं. सिद्धान्त लोकांत झिरपतोय. हसणं सोडलं तर समाधान आहे.

तिलोचा फोन. अंक संपत आलाय म्हणे. तीनशे प्रतींतल्या चाळीस उरल्या. अठरा अंकांत असं झालं नव्हतं. माझ्या प्रस्तावनेचा परिणाम.

५ मे, रविवार
हजर: मी. दाढ्यांना फोन केला. मागे भांड्यांचा आवाज, हसणं, कुणीतरी ओरडत होतं, अजून एक तुकडा दे! एक दाढी म्हणाली, हेर बाउमबाख, तुम्ही पण या ना, तुमचीच वाट बघतोय सगळे. मी म्हणालो, बैठक इथे आहे, तिथे नाही. फोन ठेवला. शिस्त!

७ मे
वरच्या मजल्यावरची फ्राउ कुन्झं दारात. मला वाटलं, परवा रविवारी कागद कापायचं मशीन लावलं म्हणून तक्रार. (ठराव मंजूर झाल्यावर लावलं होतं. रविवारी शिंकलं तरी या इमारतीत तक्रार होते.) पण तिच्या हातात बशी. म्हणाली, अहो हेर बाउमबाख, हा केक. रीकेने केलाय. तिची भाड्याची बाग माझ्या बागेला लागून आहे, माहीतच आहे तुम्हाला. काय हो गर्दी असते रविवारी! माझ्या खुर्च्या पण नेल्या. फक्त तुम्हीच नाही. रीकेने तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलंय, नाहीतर मी तुम्हाला कानाला धरून नेलं असतं.

मला घाई होती. जाहीरनामा.

रुबार्बचा केक. रुबार्ब ही मुळात भाजी. आंबट, तुरट, दोऱ्या दोऱ्यांची, शिजली की लाळेसारखी ओघळते. भाजीचा केक करणाऱ्या समाजाची मला शिसारी येते. ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. बशी विसळली.

१२ मे, रविवार
हजर: मी. बाहेर ऊन. सगळा जिना रुबार्बने घमघमतोय. दाराच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलं.

१६ मे
तिलोच्या दुकानात गेलो. एकही प्रत नाही. माझी स्वतःचीसुद्धा त्याने विकली. मी म्हणालो, बघ, वाचक तयार होतोय. तो म्हणाला, एकार्ट, तू गेलास का रविवारी? मी विचारलं, कुठे? त्याने काउंटरवर डोकं ठेवलं. मग म्हणाला, मी शब्द दिलाय, मला काही विचारू नकोस. तू फक्त एकदा अंक वाच ना बाबा. हात जोडतो.

संपादकाला अंक वाचायला सांगणं म्हणजे आचाऱ्याला म्हणणं, जेवून बघ. अपमान गिळून घरी आलो.

संकल्प: तिलोशी महिनाभर अबोला.

१९ मे, रविवार
हजर: मी. इतिवृत्त लिहिलं नाही.

२६ मे, रविवार
रीकेला फोन करावा असं वाटलं. वीस नंबरच्या अंकाचं बोलायचं होतं. आणि तिचं झ्युरिकचं काय ते. पण चार वाजले होते आणि बैठकीच्या वेळी खासगी फोन करायचा नाही हा माझाच नियम. नियम मोडला की मग माणूस मांजरं काढायला लागतो.

१ जून, शनिवार
रीके आली. आपली मूळ पानं घेऊन जायला. दोरीवरून तिनेच काढली, एकेक चिमटा. झ्युरिकला हो कळवलंय. महिनाअखेरीस जाणार.

मी म्हणालो, ससे. ती म्हणाली, हो, ससे. मग माझ्याकडे न बघता विचारलं, एकार्ट, शेवटचं पान आवडलं का तुला? खरं सांग. मी म्हणालो, किती वेळा पाहिलं असेन! ती म्हणाली, पाहिलंस. वाचलंस का? तेव्हा मी तिला पाहणं आणि वाचणं यातला फरक समजावून सांगितला. दहाएक मिनिटं. तिचे डोळे लाल झाले. हवेत परागकण फार आहेत सध्या. तिने माझी टोपी जरा सरळ केली आणि गेली.

भयंकर चिडचिड होतेय. तिच्यावर, झ्युरिकवर, सशांवर. दोरीवर नुसते चिमटे राहिलेत. ते का काढले नाहीत तिने?

९ जून, रविवार
बैठक रद्द. कोणी विचारलं नाही.

१९ जून
निर्णय: दुसरी आवृत्ती काढायची! मागणी प्रचंड आहे. अडचण एवढीच की माझ्याकडे अंक नाही, मूळ पानं नाहीत आणि छपाईवाला फोन उचलत नाही. मला त्याचं नावही नीट माहीत नव्हतं, ते सगळं रीके बघायची. पण छापलेल्या प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती गावातल्या मोठ्या ग्रंथालयात द्याव्या लागतात. रीकेने दिल्या असणार. तिथे जाऊन पानांचा क्रम उतरवून आणायचा. आठवडाभरात काम फत्ते.

२८ जून, शुक्रवार
शेवटी आज गेलो. नऊ दिवस टाळत होतो. उन्हाळा होता.

अंक मिळाला. मी तो टेबलावर उभा करून तीन मीटर मागे सरकलो. पाठ कुणाच्या तरी खुर्चीला लागली. देखरेखीची बाई आली. म्हणाली, इथे उभं राहता येत नाही, बसून वाचा. मी म्हणालो, मी वाचत नाही. ती म्हणाली, पण हे वाचनालय आहे. मी म्हणालो, जवळून दिसत नाही. तिने ड्रॉवरमधून कुणाचातरी विसरलेला गुलाबी चष्मा काढून दिला.

बसलो. लावला. गुलाबी.

काळा ठिपका म्हणजे टोपी. माझी टोपी. टोपीखाली मी. हुबेहूब, नाकासकट. राखेसारखा पोत म्हणजे अक्षरं, रीकेचं बारीक, सुबक अक्षर. पहिल्या पानावर मी तीन मीटरवरून माझ्याच वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवतोय. एकात छपाईवाल्याकडे पाणी शिरलंय, ती एकटी गठ्ठे उचलतेय, मी तीन मीटरवर उभा राहून म्हणतोय, रचना छान झालीय. एकात तिचे वडील गेलेत. ती दफनभूमीत उभी आहे. मी आलोय. पण झाडाशी उभा आहे.

मला वाटायचं मी आलो होतो हे तिला आवडलं असेल.

विनोदी आहे. मी दोनदा हसलो. देखरेखीची बाई श् म्हणाली.

शेवटच्या पानावर बाग. टेबल, रुबार्बचा केक, दोन बशा, एक रिकामी खुर्ची. खाली लिहिलंय: 'झ्युरिकवाले मेअखेरपर्यंत थांबतायत. एकार्ट, तू एकदा फक्त नको जाऊ म्हण. दर रविवारी चार वाजता मी इथे असते.'

आणि बशांशेजारी ते गज.

३० जून, रविवार, संध्याकाळ
चारला बागेत गेलो. आज बैठक नव्हती. वाटेत वाक्य म्हणून पाहिलं, नको जाऊ. फक्त दोन शब्द आहेत. बेकरीसमोर एकजण तीन पावलं मागे सरकला. मी त्याला शिवी दिली.

रीकेचं फाटक बंद. आत नवे लोक, ट्रँपोलीन आणून टाकलंय. हिरव्यागार गवतावर निळं प्लास्टिक. शी.

कुंपणापलीकडून फ्राउ कुन्झं म्हणाली, आलात? गुरुवारी गेली ती. जूनमधलेही तीन रविवार बसली होती बघा. तेव्हा बाकी कोणी नव्हतं, मीच होते. मी म्हटलं, पोरी, आता कशाला? म्हणाली, केक तर केलाच आहे. यावर मी फ्राउ कुन्झंला विचारलं, थोडा उरलाय का? ती म्हणाली, अहो, चोवीस जूननंतर रुबार्ब तोडत नाहीत. शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

मग एप्रनच्या खिशातून तिने एक वस्तू काढून दिली. म्हणाली, एवढंच ठेवून गेलीय, तुमचा आहे म्हणाली.

घरी आलो. समोर टेबलावर ठेवलाय. गुलाबी चष्मा परत करायचा राहिला होता, तो लावून अगदी जवळून पाहिला.

काटा आहे. केक खायचा. तीन दाते.