शंभराला चार कमी

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२.

आजपासून रोज लिहायचं. निवृत्तीला तीन महिने उरले. छत्तीस वर्षं क्रीडा कार्यालयात काढली आणि सह्या सोडल्या तर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली नाही.

पुढच्या महिन्यात मैदानाची तपासणी. ‘अ’ दर्जा मिळवूनच खुर्ची सोडायची असं ठरवलं आहे. पॅव्हेलियनच्या खिडक्यांना पडदे हवेत, म्हणून ऑफिसची पन्नास मीटरची कापडी टेप काढली. मैदान राखणाऱ्या काकांनी नेहमीसारखी कडी धरली, मी आकडा वाचला. काका म्हणाले, मॅडम, दोन वजा करा, नाहीतर पडदे जमिनीवर लोळतील. विचारलं, दोन कशातून? म्हणाले, टेपमधून. दोन-अडीच वर्षांपूर्वी उंदरांनी पुढचं टोक कुरतडलं होतं. काकांनी ते दोनच्या आकड्यापाशी सरळ कापलं आणि कडी तिथे शिवून टाकली. टाके खरोखर सुबक आहेत.

मला सांगायचं नाही का? तर म्हणे, मला वाटलं तुम्ही वजा करताच.

कशी करणार? हाताखालच्याने कडी धरायची, अधिकाऱ्याने आकडा वाचायचा, अशी पद्धत. मी कायम पन्नासच्या टोकाला.

दोन वर्षांपूर्वी शंभर मीटरचा नवा ट्रॅक याच टेपने आखला. पन्नास आणि पन्नास.

पडदे निळे घ्यावेत.

४ फेब्रुवारी. सकाळी ७.

सुताराची पाच मीटरची स्टीलची टेप आणून एकटीने मोजलं. वीस वेळा वाकायचं म्हणजे कंबरेची परीक्षाच. शहाण्णव आले. पुन्हा मोजलं. शहाण्णव आणि वर चार बोटं. दोन वेळा दोन आकडे. म्हणजे या मोजमापावर फार विसंबण्यात अर्थ नाही.

तरी टिटवीला सांगायला हवं. काडीसारखे पाय, पळताना जमिनीला टेकतात की नाही कळत नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं. दहा वर्षांची होती तेव्हा आईचा हात धरून मैदानावर आली. बुटाच्या नाडीची दुहेरी गाठ मी शिकवली. आता बावीस. याच ट्रॅकवर शंभर मीटर बारा सेकंदांत पळाली. ते सर्टिफिकेट माझ्या सहीचं. त्याच्या जोरावर वीजकंपनीने तिला खेळाडूंच्या राखीव जागेवर बिलाच्या काउंटरला बसवलं. प्रोबेशन या महिनाअखेर संपतं. २७ तारखेला कंपनीच्या साहेबांसमोर इथेच ट्रायल आहे. १२.३ च्या आत आली तर कायम, नाहीतर घरी. आईचे डोळे अधू झाले, शिवणाचं मशीन बंद पडलं. घर हिच्या पगारावर उभं आहे.

सांगायचंच. उद्या.

५ फेब्रुवारी.

राहिलं. पोरगी हसत आली होती. रविवारी बाहेरच्या मैदानावर स्पर्धा होती, तिथे पुन्हा १२.५. म्हणाली, मॅडम, इथे मी वाऱ्यासारखी आणि बाहेर गेलं की पाय दगडाचे. दोन वर्षं मी तिला सांगत आले आहे की हा मेंटल ब्लॉक आहे, मन खंबीर कर. आजही सवयीने तेच सांगितलं. दीर्घ श्वासाचे तीन प्रकार करून दाखवले. तिने वहीत उतरवून घेतले.

एक शब्द चुकला होता, तो मी दुरुस्त करून दिला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सायंकाळी ५.

उत्तम उपाय सापडला! कोणाला काही सांगायचं नाही. अंतिम रेषा रोज अर्धा मीटर मागे, म्हणजे धावणाऱ्यापासून लांब, सरकवायची. आठ दिवसांत चार मीटर. टिटवीला पत्ता लागणार नाही, पायांना सवय होईल आणि २७ तारखेला ती खऱ्या शंभरावर पळेल. धक्का नाही, बोभाटा नाही. कॉन्व्हेंट शाळेत गेम्सच्या सिस्टर आम्हाला थंड पाण्यात अशाच एकेक पायरी उतरवायच्या. आम्ही कुरकुरायचो, पण पोहायला शिकलो.

काकांना समजावलं: रोज पहाटे जुनी रेषा पुसायची, चुन्याची नवीन फक्की टाकायची. काकांनी विचारलं, एकदम चार मागे घेऊन पोरीला सांगून टाकलं तर? मी त्यांना मानसशास्त्र समजावून सांगितलं. ते हो म्हणाले आणि बराच वेळ फक्कीच्या बादलीत बघत राहिले.

१० फेब्रुवारी, सोमवार.

रेषा एक मीटर मागे. टिटवी १२.१. उत्तम!

दुपारी एक गृहस्थ आले. यांच्या मुलीने वीजकंपनीच्या त्याच जागेसाठी अर्ज केला होता. तिची वेळ १२.४, दुसऱ्या मैदानावरची. टिटवीच्या बारापुढे ती मागे पडली. अतिशय सभ्य माणूस. खुर्ची पुसून बसले, पाणी अर्धंच प्यायले. म्हणाले, तक्रार नाही हो, कुतूहल आहे. ट्रॅक कोणी मोजला, कधी आणि कशाने, एवढंच लेखी द्या. नागरिकाचा हक्क आहे म्हणे. मी म्हटलं, अवश्य, आमचा कारभार काचेसारखा आहे. ते म्हणाले, मग तर दिसेलच.

अशी हळू बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.

१३ फेब्रुवारी. रात्री ८.

अडीच मीटर मागे. १२.३. टिटवीने घड्याळ माझ्या हातातून घेऊन स्वतः पाहिलं. मग एकटीच आणखी सहा वेळा पळाली. उजव्या मांडीला हात लावून चालत होती. म्हणाली, काही नाही, मॅडम, आखडलीय.

घरी ताईला दाखवायला नेलं. ताईने तीस वर्षं रुग्णालयात नर्सिंग केलं. तिने बोटांनी मांडी चाचपली आणि सांगितलं, स्नायू ओरडतोय, आठवडाभर पळणं बंद. टिटवी म्हणाली, तसं चालायचं नाही, मावशी, माझा वेग रोज कमी होतोय. ताईने माझ्याकडे पाहून विचारलं, रोज थोडा थोडा कमी होतो? हे कुठलं दुखणं?

मी चहा टाकायला आत गेले.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.

साडेतीन मीटर मागे. १२.५. (शनिवारी रेषा सरकवली नाही, काकांना ताप होता. की मुद्दाम आले नाहीत?)

टिटवी हल्ली उजाडायच्या आत येते, काउंटर उघडेपर्यंत पळते. गालांची हाडं वर आली आहेत. आज रेषेपलीकडे गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि मला सरळ विचारलं, मॅडम, मी संपले का?

बावीस वर्षांची मुलगी.

ओठांवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण अशा नाजूक क्षणी आकडेवारी काढणं क्रूरपणा ठरला असता. तिला केळं दिलं. ती गेल्यावर काकांना सांगितलं, रेषा उद्या जुन्या जागी. फक्त आत्मविश्वासापुरती.

काका म्हणाले, मॅडम, रेषा आहे, पाळण्याची दोरी नाही. या वयात माणूस फटकळ होतो.

१८ फेब्रुवारी.

११.९!

टिटवीने धावत येऊन मिठी मारली. रडत होती, हसत होती. म्हणाली, तुमचे श्वास लागू पडले. तिच्या केसांना धुळीचा वास येत होता. लहानपणीही यायचा. किती दिवसांनी इतकं हलकं वाटलं. माणसाने माणसाला शेवटी द्यायचा तो आनंदच, मोजून थोडाच द्यायचा?

काका पाठ करून फक्की चाळत होते. चाळून झालेलीच पुन्हा चाळत होते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

गृहस्थांना लेखी उत्तर पाठवलं: ‘सदर ट्रॅकचे मोजमाप प्रचलित पद्धतीनुसार, कार्यालयीन साधनाद्वारे, सक्षम अधिकाऱ्याच्या उपस्थितीत करण्यात आले आहे.’ चार मसुदे केले. यात एकही शब्द खोटा नाही. ताईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, म्हणजे काय? म्हटलं, यात ‘म्हणजे काय’ नसतं, हे सरकारी उत्तर असतं. ताई म्हणाली, तेच विचारतेय, तू काय केलंयस?

मोठ्या बहिणींना निवृत्तीनंतर काही छंद हवा.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३.

वीजकंपनीच्या साहेबांचा फोन. त्या गृहस्थांनी माझं उत्तर त्यांनाच पाठवलं आहे. साहेब म्हणाले, मॅडम, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, म्हणून २७ ला आम्ही आमची टेप आणतोय. मी म्हटलं, वा, स्वागत आहे. आवाज अगदी नेहमीचा होता.

तीन दिवस आहेत. भरपूर. टिटवीला आज सांगणार होते, पण ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. उद्या नक्की. उद्या म्हणजे उद्या.

२६ फेब्रुवारी. सायंकाळी ६.

सगळं मार्गी लावलं. काका पहाटे जुनी रेषा घासून पुसतील आणि सुताराच्या टेपने बरोबर शंभरावर नवी टाकतील. साहेबांनी मोजलं की शंभर भरणार. कोणावर ठपका नाही.

राहिली टिटवी. तिला खुर्चीवर बसवलं, हात हातात घेतला. म्हटलं, हे बघ, उद्या रेषेकडे बघायचंच नाही. रेषा कुठे का असेना, तू आपली पळत राहा. म्हणाली, बरं, मॅडम, बघणार नाही.

हे जवळजवळ सांगितल्यासारखंच आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.

क्रमाने लिहिते.

सात वाजता साहेब आले, बरोबर ते गृहस्थ. स्टीलची टेप अंथरली. दोन्ही टोकं दोघांनी पाहिली, मग जागा बदलून पुन्हा पाहिली. शंभर. साहेब म्हणाले, परफेक्ट. गृहस्थांनी टेपवरचा चष्मा माझ्यावर आणला, मग खाली घेतला. म्हणाले, माफ करा, मॅडम, बापाचं मन. मी मोठ्या मनाने माफ केलं.

सव्वासातला टिटवी उभी राहिली. मांडीला पट्टी. एकदा माझ्याकडे बघून मान हलवली. शिट्टी झाली आणि, काय सांगू, अशी पळाली की तशी मी बारा वर्षांत पाहिली नव्हती. मान स्थिर, नजर समोर आभाळात, रेषेकडे चुकूनही नाही. मी कबूल करून घेतलं होतं तसंच.

पॅव्हेलियनच्या तिसऱ्या खांबासमोर तिने छाती पुढे झोकली, हात मागे फेकले आणि पाय सैल सोडले. जुनी रेषा तिथे होती. आज तिथे काही नव्हतं, नुसती माती. दोन वर्षं तिचं अंग त्याच खांबाशी थांबायला शिकलं होतं.

तिला वाटलं, जिंकली. हसली सुद्धा. मग साहेब चार मीटर पुढे उभे दिसले, घड्याळ धरून, वाट बघत. तिने पुन्हा झेप घेतली तेव्हा मांडी गेली. आवाज माझ्यापर्यंत आला. उरलेलं अंतर तिने लंगडत कापलं.

साहेबांचं घड्याळ: १३.६.

साहेब हळहळले. म्हणाले, प्रेशर. अशी मुलं घरच्या मैदानावर वाघ असतात, पण हेही घरचंच मैदान होतं हो.

मी माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. माझाही अंगठा तिसऱ्या खांबाशीच दाबला गेला होता. ११.८. हिशेब आपोआप झाला, मी करायला गेले नव्हते. त्याच वेगाने पुढचे चार मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा कमी. खऱ्या शंभरावर १२.३ च्या आत.

पोरगी पास होती. कोणाच्या उपकाराशिवाय.

साहेबांना सांगता आलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तिसऱ्या खांबाशीच का?

२८ फेब्रुवारी.

टिटवीला कंपनीचं पत्र मिळालं. तिच्या जागी गृहस्थांच्या मुलीला बोलावलं आहे. गृहस्थांनी माझ्या कार्यालयाच्या पारदर्शकतेबद्दल आभाराचं पत्र पाठवलं, प्रत वरिष्ठांना. ती तपासणीच्या फाइलला लावली. वरिष्ठांचा फोन आला, ‘अ’ दर्जा आता औपचारिकता आहे म्हणे.

काकांनी दुसऱ्या मैदानावर बदली मागितली आहे. कारणाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, कारण लिहावं लागतं. म्हणाले, तुम्हीच लिहा, मॅडम, तुम्हाला छान लिहिता येतं.

ताई दोन दिवस बोलत नाही. मीही विचारत नाही.

३ मार्च, सोमवार. दुपारी ४.

टिटवी आली होती, कुबडीवर. जिना चढून आली. खाली बोलावलं असतं तर मी गेले असते.

सांगायचं ठरवूनच बसले होते. पहिलं वाक्य कागदावर लिहून पेपरवेटखाली ठेवलं होतं. पण तीच आधी बोलली. म्हणाली, मॅडम, मी माफी मागायला आले. तुम्ही दोन वर्षं सांगत होतात, माझं मन कच्चं आहे. मला पटत नव्हतं. आता पटलं. सगळ्यांसमोर तुमचं नाव घालवलं मी.

मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही, कुबडी टेकवून उठायला त्रास होतो म्हणाली. आई पुन्हा मशीन उघडून बसली आहे, सुई हातांनी चाचपून ओवते. धावणं आता बंद. दाराशी जाऊन थांबली आणि विचारलं, तिसऱ्या खांबापर्यंत मला फार छान वाटत होतं, मॅडम. तुमच्या घड्याळात किती आलं होतं?

म्हटलं, त्या घाईत दाबायचंच राहून गेलं, बाळा.

बरं म्हणाली. जिना उतरताना कुबडीचा आवाज येत होता. तेवीस पायऱ्या.

मग ड्रॉवरमधून स्टॉपवॉच काढलं. ११.८ अजून तसंच होतं. शून्यावर आणलं. उगाच सेल उतरतो.