एलियाम्माच्या पेट्या आणि जॅन्सीचे घर

येशू, मरियम आणि योसेफ यांच्या नावाने.

मी, औसेप वर्की मुंडक्कल, वय एक्याऐंशी, धंदा सुतारकी, शिक्षण पाचवी, राहणार कुरविलंगाड, जिल्हा कोट्टायम, माझ्यामागे काय कोणाचे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मी शुद्धीत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत टाचला आहे, तो कोणी हरवू नये. मला जे ऐकू येते त्यावरून माझा मुलगा टोमिचन कोर्टात बापाला वेडा ठरवील, म्हणून एवढी काळजी.

१. माझी बायको एलियाम्मा लष्करात नर्स होती, मेजर होऊन निवृत्त झाली. मी तिच्यामागे फिरलो. अंबाला, झाशी, जोरहाट, पुन्हा झाशी. दुकान मांडायचो, गिऱ्हाईक ओळखू लागायचे आणि बदलीचा हुकूम यायचा. झाशीत एका वकिलाचे कपाट दारे न बसवताच सोडून आलो. ते अजून माझ्या डोळ्यांपुढे उघडेच उभे असते. पुढे मी पेटीत मावेल तेवढेच करू लागलो: पाट, चौरंग, पाचरी काढल्या की सुटे होणारे टेबल. एका मेजवानीत कर्नलसाहेबांच्या बाईंनी विचारले, "आणि तुम्ही काय करता?"

मी म्हणालो, "बदल्या."

सगळे हसले. एली हसली नाही. घरी येऊन म्हणाली, "इच्चाया, मी निवृत्त झाले की तुमचं दुकान, आणि गल्ल्यावर मी."

२. हे घर आमच्या कमाईचे. जमीन माझ्या नावावर, वडिलोपार्जित काही नाही. पण इथे राहायला आलो त्याच वर्षी तिचे डोके विस्कटू लागले. तिला हे सरकारी क्वार्टरच वाटायचे. भिंतीला खिळा मारू द्यायची नाही. "दंड पडेल, इच्चाया." सुताराच्या घरात एक खिळा नाही, येशूची तसबीर खुर्चीवर टेकवलेली आहे. दुकान निघालेच नाही. रोज ती बदलीच्या काळ्या लोखंडी पेट्या भरायची आणि विचारायची, "गाडी आली का?"

"उद्या येईल," मी म्हणायचो.

३. तिला जाऊन सहा वर्षे झाली. पेट्या मागच्या खोलीत रिकाम्या पडल्या आहेत. दिवेलागणीची प्रार्थना संपली की त्या फरशीवरून सरकतात. खोटे लिहीत नाही. शेजारी कुट्टप्पन एकदा कप्पा, म्हणजे उकडलेला साबुकंद, आणि माशाचे कालवण घेऊन आला होता. म्हणाला, "औसेपचेट्टा, आत कोण आलंय?"

"कोणी नाही. जायची तयारी चाललीय."

तो भांडे तिथेच ठेवून निघून गेला. त्याने कानांनी ऐकले आहे, म्हणून त्यालाच साक्षीदार केला. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात, तेव्हा पटाशा, रंधे आणि करवती त्याच्या थोरल्या भावाला द्याव्यात. कुट्टप्पा, रुसू नकोस.

४. घर, अंगण आणि जायफळाची झाडे मुलगी जॅन्सीला. टोमिचनला कुवेतला पाठवताना रबराचा मळा विकला, त्याचा वाटा त्यातच पोचला. तो फोनवर म्हणतो, "अप्पच्चा, तिला घर कशाला? नवरा फौजेत आहे, सरकार देतंय की घर!" बाळा, सरकार घर देते आणि मोजून परत घेते. पेटीवरच्या गावाचे नाव खोडून नवे लिहिताना तुझ्या आईचा चेहरा तू पाहिला नाहीस. तू बोर्डिंगात होतास.

५. जॅन्सी गणित शिकवते. नवऱ्याच्या प्रत्येक बदलीला तिने शाळा सोडली, सगळीकडे तात्पुरतीच राहिली. आता जवळच्या पाला गावातली शाळा तिला कायम करते आहे, आणि जावई बिनोयला जोरहाटचा हुकूम आला आहे. परवा येऊन म्हणाली, "त्याला एकटं कसं पाठवू? तुम्ही नाही का गेलात अम्मच्चीच्या मागे?"

"गेलो ना."

"मग? वाईट वाटतं?"

तेवढ्यात आत पेटी सरकली. जॅन्सी उठली आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घालू लागली. माझे कपडे, मग स्वतःची ओढणी, टेबलावरचा कपडासुद्धा.

"काय करतेस गं?"

"अं? काही नाही." हातातल्या घडीकडे ती बघतच राहिली. तिची आई पेट्या भरताना अशाच घड्या घालायची. तेव्हापासून मला झोप नाही.

उत्तर इथे लिहितो. एलीबरोबर राहिलो याचे कधीच वाईट वाटले नाही. पण माझे हात रिकामे राहिले हे तिला डाचत होते. मला माझ्या दुकानाशी पोचवायला ती रोज निघते, आणि गाडी येत नाही.

६. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. कुट्टप्पन हा कागद आजच जॅन्सीला दाखवून आणील. पोरी, घराला मी अट घालत नाही. विक, ठेव, भाड्याने दे. शाळेच्या कागदावर सही करायची की नाही, तेही तूच ठरव. पण केलीस, तर संध्याकाळी इकडे ये. मागच्या खोलीच्या दारात उभी राहून मोठ्याने सांग, "अम्मच्ची, हुकूम रद्द झाला." मी हे कितीदा सांगायला गेलो, पण खोटा हुकूम ती लगेच ओळखायची. तुझी सही झाली की तुझ्यापुरते ते खरे असेल, तुला जावे लागणार नाही. मी पडवीत बसेन, मध्ये बोलणार नाही. पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला तर भिऊ नकोस. थोडा वेळ तिच्याजवळ बस. फार दमली असेल ती.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि ते मला मान्य आहे.

औसेप वर्की मुंडक्कल (सही)

आमच्यादेखत सही केली:
१. कुट्टप्पन, शेजारी (सही)
२. मत्तायी, चर्चची घंटा वाजवणारा (सही)

कुरविलंगाड, १४ मे २०१९