फाटकावरचा काळा कप

प्रिय ठमाबाई,

बाबा फोन सोडून पत्र लिहायला बसला म्हणून हसू नकोस. तुझा फोन आला की आई तो माझ्या हातातून काढून घेते आणि माझ्या वाट्याला फक्त ‘बरं, ठेवतो’ उरतं. पुढच्या आठवड्यात तू येणार म्हणून तिने तुझ्या खोलीचे पडदे धुतलेत, गादीला ऊन दाखवलंय.

माझं काम नेहमीचंच. गल्लोगल्ली काळे कप टांगायचे, त्यात थोडं पाणी आणि कापडाची पट्टी. डासाची मादी पट्टीवर अंडी घालते. आठवड्याने पट्टी भिंगाखाली धरली की डेंग्यू कुठे डोकं वर काढणार याचा अंदाज येतो. लोक मला डासोबा म्हणतात, म्हणोत बापडे. पण गेल्या वर्षी तू डेंग्यूच्या तापाने फणफणलीस, तेव्हापासून पट्टीवरचे अंड्यांचे काळे ठिपके मी दोन-दोनदा मोजतो. दुसऱ्यांदा झाला तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

या वेळी सगळ्यात भरलेली पट्टी आपल्याच फाटकावरच्या कपातली निघाली. दिव्याखाली अंधार! टाकी, कुंड्या, फ्रीजमागचा ट्रे, सगळं धुंडाळलं. शेवटी अळ्या सापडल्या तुझ्या टेबलावर. जाताना तू बाटलीत वेलाची फांदी लावून गेलीस ना, तिला आई रोज थोडं पाणी घालते. जुनं ओतत नाही, मुळं दुखावतील म्हणते. अंडी पाण्याच्या जरा वर काचेला चिकटतात आणि पाणी चढलं की फुटतात. तिची माया त्यांनाही पोचत होती.

ती बाजारात गेल्यावर मी बाटली घासली, ओली वाळू भरून फांदी परत लावली आणि वाळूत मुळं जोर धरतात अशी थाप मारली. हल्ली ती वाळूला पाणी घालते. खरं सांगायचा धीर झाला नाही. तुझ्या तापात ती उशाशी बसून होती. तेच दुखणं आपल्याच हातून घरात वाढत होतं हे कळलं, तर ती स्वतःला माफ करणार नाही.

बाटली साफ झाली, पण उडालेले डास गल्लीत आहेतच. म्हणून पोरी, इतक्यात येऊ नकोस. आईला फोन करून रजा नाही मिळाली म्हण. ती तुझ्या साहेबांच्या नावाने बोटं मोडेल, मोडू दे. मला तुझी फार आठवण येते. फाटकावरची पट्टी कोरी निघायला लागली की मीच तुला न्यायला येईन, आणि साहेबांना अखेर दया आली, असं आईला दोघं मिळून सांगू.

तुझाच,
डासोबा बाबा