करंगळी, सावधान!

१ जानेवारी १९९६, सातारा
उजव्या हाताची करंगळी ऐकत नाही. बाकीची बोटं जुळतात, ही बाजूला उभी. डॉक्टर म्हणाले, कोपरात नस अडकलीय, पानपट्टीच्या फळीवर कोपर टेकून मॅच बघणं बंद करा. मग काय झोपून बघू?

संध्याकाळी हेडमास्तर नानासो आले. सव्वीस जानेवारीच्या परेडची तयारी मीच करून घ्यायची, पाहुण्यांना पहिला सॅल्यूटही मीच द्यायचा. हो म्हणालो. रिटायर्ड हवालदारापुढे करंगळीची काय बिशाद!

३ जानेवारी
फिजिओथेरपी. दीपमाला मॅडम, वयाने माझ्या मुलीएवढ्या. हात बाजूला पसरायचा, तळवा वर, मग कोपर वाकवत तळवा कानाकडे आणायचा. हळू. मुंग्या आल्या की थांबायचं. नस ओढायची नाही, नुसती सरकवायची म्हणे. चार-पाच वेळा केलं की बास. याला व्यायाम म्हणतात?

४ जानेवारी, पहाटे
पाण्याने भरलेली कळशी घेऊन केला. दम लागेपर्यंत. मुंग्या खांद्यापर्यंत आल्या. नस जागी झाली.

७ जानेवारी
फाटकात हात पसरून उभा होतो. दोन रिक्षा थांबल्या. तिसऱ्याने शिव्या घातल्या. उद्यापासून मागच्या दारी.

११ जानेवारी
हातातून कप सुटला. कप निसरडा होता. बायको शालू म्हणाली, आवं, त्या पोरीनं हळू सांगितलं हाय न्हवं? बायकांना ट्रेनिंग कळत नाही.

१५ जानेवारी
झोपेत कोपर दुमडू नये म्हणून शालू हाताला टॉवेल गुंडाळते. हात ओंडक्यासारखा. नाकावर डास बसला तरी बघत राहायचं. स्वतःच्याच खाटेवर कैदी! नानासोंना नकार कळवावा, असं दोनदा मनात आलं. पण पानपट्टीवर सगळ्यांना सांगून बसलोय. सुटका नाही.

१८ जानेवारी
रिहर्सल सुरू. पोरं हुशार. बजावलं, मी करतो ते बघा आणि तसंच्या तसं करा. शंका विचारायच्या नाहीत.

२५ जानेवारी
करंगळीला चिकटपट्टी लावली. घामाने निघाली. मग आरशात बघितलं. करंगळी बरीच आत आलीय. चष्मा काढल्यावर.

२६ जानेवारी
सॅल्यूट ठोकला. करंगळी बाहेर. वाटलं, आता सगळे हसणार. कोणी हसलं नाही. पोरांकडे बघितलं तर रांगेच्या रांगेची करंगळी बाहेर. एकाचीही चूक नाही.

पाहुण्यांनी नानासोंना हळूच विचारलं, ही कुठली पद्धत? नानासो म्हणाले, फौजेतली असंल, आमचं हवालदार लय कडक हायती.

मग पाहुणे माझ्यापुढे येऊन ताठ उभे राहिले. आदराने सॅल्यूट केला. करंगळी बाहेर काढून.

इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. मी सावधानमध्येच उभा राहिलो.