कुंकवाचा अंगठा

प्रिय वर्षालीताई,

तुझा नंबर आहे माझ्याकडे. तरी लिहितेय, कारण फोनवर माझं वाक्य पूर्ण होत नाही, हे तुला ठाऊक आहे.

घरी ठीक. बाबा आता दुकानात फक्त सकाळी बसतात. नाचणगावात ऊन वाढलंय. भिंतीतल्या कपाटाला वाळवी लागली म्हणून मी सगळी पुस्तकं बाहेर काढली. जुन्या पंचांगांचा भुगा झाला होता. वरच्या फळीवरचा जगाचा सचित्र इतिहास तेवढा शाबूत निघाला. बाबा म्हणाले, आता हे आपल्या घरात टिकत नाही, नीट सांभाळणाऱ्याला देऊन टाक. मला वाईट वाटायला हवं होतं. मी कपाट पुसत राहिले.

मग नागपूरहून ताराचंदजी आले. जुनी पुस्तकं जमवतात. त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि एकेक पान उलटलं. दीडशे वर्षांपूर्वी शिळाप्रेसवर, दगडावरून छापलेलं, आणि एकही चित्र फाटलेलं नाही, अशी दुसरी प्रत त्यांनी पाहिली नव्हती. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या डोक्यावर आपल्याकडची पगडी बघून ते हसले. तू त्या राजाला किराणावाले नत्थूजी म्हणायचीस. एकदा खरे नत्थूजी साखर तोलत होते आणि तू त्यांना विचारलंस, मिसरात यंदा पाऊसपाणी कसं आहे. बाबा कितीतरी दिवस ते आठवून हसायचे.

शाळेत जायच्या आधी आपण त्याच पुस्तकावर वाचायला शिकलो. जिनं जे पान पहिल्यांदा एकटीनं, न अडखळता वाचलं, ते तिचं. मग दसऱ्याच्या पूजेला त्या पानाच्या कडेवर तिचा कुंकवाचा अंगठा. तुझं पान मिसरच्या राजाचं, माझं ज्वालामुखीचं. मला त्या चित्राची भीती वाटायची, म्हणून बाबा त्यावर तळहात ठेवायचे आणि मी खालच्या ओळी वाचायची.

ते अंगठे मीच ताराचंदजींना दाखवले. न सांगता पुस्तक देणं मला जमलं नसतं. ते म्हणाले, काळजी करू नका, हे डाग आमच्याकडे धुऊन निघतात, पान कोरं होईल. मी म्हटलं, बाबांना विचारते.

बाबांनी पुस्तक मांडीवर घेतलं. माझं पान आलं, तसं उलटलं. राजाच्या पानावर मात्र थांबले आणि तुझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बसून राहिले. तू लग्न करून गेलीस, तेव्हापासून या घरात तुझं नाव निघालं नव्हतं. मीही काढलं नाही. ताराचंदजींचा चहा निवला. मग बाबा म्हणाले, "हे पान वर्षालीचं हाय. तिले इचारल्याबिगर धुवू नोका."

ताराचंदजी मला विचारू लागले, वर्षाली कोण. मी सांगितलं, माझी मोठी बहीण. एवढंच सांगितलं आणि त्यांचा चहा गरम करायला आत नेताना तुझं नाव पुन्हा एकदा स्वतःशीच घेतलं. बऱ्याच दिवसांनी मला काही जाणवलं.

म्हणून हे पत्र. ताराचंदजी रविवारी पुन्हा येणार आहेत आणि बाबा तुझ्या उत्तरासाठी अडून बसलेत. हो म्हण किंवा नाही म्हण, पण मला कळवू नकोस. येऊन बाबांनाच सांग. ये, असं ते म्हणालेले नाहीत, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण पुस्तक त्यांनी अजून मिटलेलं नाही.

तुझीच,
मयुरी