चिंचेखालच्या मुक्कामाची व्यवस्था

मी, सुभद्रा पंजाबराव गावंडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार वलगाव, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डोळ्यांवर सकाळची जराशी झापड तेवढी आहे. अशा सुखाच्या वेळी केलेल्या वाटणीत राग उतरत नाही, म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहून ठेवते. याआधी मी दुसरे कोणतेही केलेले नाही.

कलम १. वलगाव शिवारातील संत्र्याची बाग, तिच्यातील पाहुणघर, विहीर आणि जुनी चिंच ही मिळकत माझ्या यजमानांनी माझ्या नावे खरेदी केली होती. ती मी संपूर्ण मालकीहक्काने माझी मुलगी साधना हिला देते. मुलगा नितेश याने हरकत घेऊ नये. कारण इथेच लिहिते, म्हणजे त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.

साधना अकोल्याच्या जठारपेठेतले सासर सोडून आली, तेव्हा नितेश पुण्याहून आला होता. म्हणाला, "ताई पावनी हाये आई. किती दिवस ठेवशीन?" साधनाने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी तिने बागेतल्या घराच्या बंद खोल्या उघडून झाडल्या. पुढे तिथे शहरातली माणसे मुक्कामाला येऊ लागली. तिने विहिरीला जाळी घातली, खिडक्यांना जाळ्या लावल्या. पाहुणा टेकण्याआधी प्रत्येक गोधडी ती अंगणात झटकते, विंचू नाही ना म्हणून. चिंचेवर आग्या मोहोळ बसायचे. ते कधी कोणाच्या वाटेला गेले नाही. दुपारी त्याची गुणगुण खाली झिरपत राही आणि बोलता बोलता माणसांचे डोळे मिटत.

धामणगाव रेल्वे या गावचे पाहुणे उद्धवराव असेच चिंचेखाली बाजेवर झोपले होते. कानाने कमी, बायको गेल्यापासून झोप हरवलेली. नितेश तेव्हा सुट्टीवर आलेला. "पावन्यायले डसल्या त काय करशीन?" असे तो सकाळी साधनाला म्हणाला, आणि दुपारी मोहोळ हटवायला त्याने आमच्या नकळत झाडामागे धूर केला. क्षणात झाडावरून काळा ढग सुटला. साधना दोरीवर चादरी वाळत घालत होती. हातातली ओली चादर घेऊन ती धावली, उद्धवरावांवर टाकली आणि वरून स्वतः आडवी झाली. "काका, हालू नका, मी हाये इथंच," एवढेच मला ओसरीवर ऐकू आले.

मोहोळ निवल्यावर चादर काढली, तर उद्धवरावांना एकही डंख नाही. माझ्या मुलीचा चेहरा ओळखू येत नव्हता. ते उठून बसले आणि म्हणाले, "मले वाटलं, आमची मंडळी पांघरून घालून राहिली. म्हून गप पडून राह्यलो."

अमरावतीच्या दवाखान्यात साधनाचे डोळे सुजून मिटले होते. तिने पहिले विचारले, "आई, काकाले त नाई न चावल्या?" नितेश दारात उभा होता. "ताई, मी पावन्यायसाठीच केलं वं." ती म्हणाली, "माहीत हाये. ये, बस." तो बसला नाही. तसाच पुण्याला गेला, आणि त्यानंतर या घरी मुक्कामाला आलेला नाही.

त्या दिवसापासून साधना या घरात पाहुणी नाही. हे मी तोंडी पुष्कळदा सांगितले. आता लेखी देते.

कलम २. अमरावतीचे माझ्या नावावरचे घर नितेशला द्यावे, त्याच्या बाबांचे घड्याळही. मी त्याच्यावर रागावलेली नाही. माणसांच्या भल्यासाठी घाई करणारा तो त्याच्या बाबांवर गेला आहे. तो आला की साधनाने त्याची बाज सावलीत टाकावी आणि जुने काही काढू नये.

कलम ३. चिंच तोडू नये. मोहोळ बसले की बाजा बागेच्या दुसऱ्या टोकाला न्याव्यात व पाहुण्यांना आल्याआल्या तसे सांगावे.

कलम ४. माझी जाऊ केशरबाई हिने लग्नापुरते म्हणून नेलेले पितळी गंगाळ तिचेच समजावे. मागू नये, मात्र तिच्याकडे गेल्यास डोळे भरून पाहून यावे.

कलम ५. माझा शेवट घरी झाला आणि त्या दिवशी कोणी मुक्कामाला असले, तर त्यांना घालवून देऊ नये. चूल बंद राहील, म्हणून त्यांचे जेवण शेजारून आणावे. तेरवी झाली की माझी खोली पाहुण्यांसाठी उघडावी. तिथे सकाळचे ऊन उशीवर येते, जाड पडदा लावावा. माझा फोटो त्या खोलीत लावू नये. मेलेल्या बाईच्या नजरेखाली परक्या माणसाला झोप लागत नाही. कोणी विचारलेच, तर सांगावे, घरच्या बाई जरा बाहेर गेल्या आहेत.

हे वाचून घेतले, बरोबर आहे, म्हणून सही करते.

सुभद्रा पंजाबराव गावंडे

आमच्यादेखत सही झाली. साक्षीदार:
१. पुंजाराम महादेव बोंडे, वलगाव
२. दुर्गाबाई नामदेव राऊत, वलगाव

ठिकाण: वलगाव
दिनांक: ४ मार्च २०२५